चुन्याचं रान आणि पोचिंकी

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याच्या रानात लाखो माणसं एकाच वेळी कमरेत वाकलेली दिसतात. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातलं हे गाव म्हणजे येडेश्वरी देवीचं ठाणं. देवीची पालखी आमराईकडे निघते आणि लेकुरवाळ्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे, मोबाइल खिशात कोंबलेली पोरं, सगळे मातीत नजर घालून एकच गोष्ट शोधू लागतात: चुनखडीचे खडे. लहान, करडे-पांढरे, हाताला खडबडीत लागणारे. खडे वेचणं हा या यात्रेतला मोठा मान. आणि जिथं हे सगळं घडतं त्या जागेला लोकांनी दिलेलं नाव इतकं सरळ आहे की हसू यावं: चुन्याचं रान.

सर्व्हायव्हल गेम खेळणाऱ्या कुठल्याही पोराला हे दाखवा, तो लगेच म्हणेल, हा तर रिसोर्स स्पॉट! या खेळांचा मामला ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. खेळाडू अनोळखी मुलखात रिकाम्या हाताने उतरतो. लाकूड, दगड, पाणी, अन्न जमवायचं, त्यातून हत्यारं आणि निवारा करायचा, आणि रात्र काढायची. २०११ मध्ये पूर्ण रूपात आलेला माइनक्राफ्ट, २०१३ चा डोन्ट स्टार्व्ह, २०१८ चा सबनॉटिका, २०२१ चा व्हॅलहाइम ही त्यातली गाजलेली नावं. अशा खेळाचा जीव लढाईत कमी आणि नकाशात जास्त असतो. तांबं कुठं सापडेल, पाणी किती लांब असेल, बोरं कुठल्या झुडपाला लागतील, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. त्या जागांना नावंही कुणीतरी दिलेली असतात. हे काम नीट कसं करावं याचं एक उत्तम पुस्तक धाराशिव जिल्ह्यात उघडं पडलेलं आहे, फक्त ते मातीत लिहिलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

चुनखडीपासूनच सुरुवात करू. येरमाळ्याच्या मातीत ती आली कुठून? कुणी आणून टाकली नाही. हा सगळा मुलूख दख्खनच्या लाव्ह्यावर बसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उकळता रस थरावर थर पसरत गेला आणि थिजून काळा पाषाण झाला. या पाषाणात कॅल्शियम भरपूर असतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, दगडातलं कॅल्शियम हळूहळू विरघळवतं आणि जमिनीत मुरतं. मग ऑक्टोबर उलटतो. आभाळ कोरडं पडतं, ऊन मातीतला ओलावा ओढून घेतं, पाणी उडून जातं आणि विरघळलेलं कॅल्शियम मागे राहतं, कार्बोनेटच्या रूपात. एखाद्या मुळीभोवती, एखाद्या कणाभोवती त्याचं पूट चढतं. पुढच्या वर्षी आणखी एक. हजारो पावसाळे आणि हजारो उन्हाळे मिळून एक खडा होतो.

खरी गंमत पुढेच आहे. तोच काळा पाषाण सह्याद्री उतरून कोकणातही आहे. पण तिथं पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर. एवढं पाणी जमिनीतून निथळलं की कॅल्शियम पार वाहून जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं आणि तांबडा जांभा तयार होतो. धाराशिवला पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास: चुना विरघळवायला पुरेसा, धुऊन न्यायला अपुरा. दगड एकच, पाऊस वेगळा, म्हणून रत्नागिरीला चिरे निघतात आणि येरमाळ्याला चुनखडी. रानाचं नाव चुन्याचं पडलं त्यामागे इतका सगळा हिशेब आहे, आणि त्यात कुठेही नशिबाचा भाग नाही.

खेळाचा नकाशा बनवणारे चांगले लोक नेमकं हेच करतात. नवशिका डिझाइनर नकाशावर बोटाने ठिपके ठेवतो: इथे तांबं, इथे कोळसा. जाणता डिझाइनर आधी नियम लिहितो. माइनक्राफ्टचं जग इतकं अफाट आहे की ते हाताने रंगवणं शक्यच नाही. तिथं प्रत्येक ठिकाणाला तापमान, ओलावा, झीज, समुद्रापासूनचं अंतर अशा मोजमापांचे आकडे मिळतात आणि त्या आकड्यांवरून ठरतं की इथे वाळवंट येईल, दलदल येईल की बर्फ. संगणक आधी पाऊस ठरवतो, मग निवडुंग उगवतो.

पण हे आकडे कुठून येतात? इथं एक सुंदर गणिती युक्ती आहे. केन पर्लिन नावाचा अमेरिकन संगणकतज्ज्ञ १९८२ च्या 'ट्रॉन' या चित्रपटाच्या संगणकीय दृश्यांवर काम करत होता. त्या काळची संगणकाने काढलेली चित्रं फार गुळगुळीत, यंत्रासारखी दिसत, आणि ते त्याला सलत होतं. नुसते यादृच्छिक ठिपके टाकले तर टीव्हीवरच्या मुंग्या दिसतात. निसर्ग तसाही नसतो. निसर्गात शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी नातं असतं. टेकडीच्या एका पावलावरून दुसऱ्या पावलावर गेलं तर उंची थोडीच बदलते. पर्लिनने १९८३ मध्ये कागदावर चौकटींचं जाळं घ्यावं तसं जाळं घेतलं, प्रत्येक कोपऱ्यावर कुठल्याही दिशेचा एक बाण ठेवला आणि मधल्या प्रत्येक बिंदूची किंमत चारही कोपऱ्यांच्या बाणांवरून हळुवार मिसळून काढली. झाला चढ-उतारांचा मुलूख तयार, जो कुणी रचलेला नाही आणि तरी विस्कटलेलाही नाही. या 'पर्लिन नॉइज'बद्दल त्याला १९९७ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आज खेळातले डोंगर, ढग, खनिजांचे साठे यांच्या मुळाशी बहुतेक वेळा याच कल्पनेची कुठलीतरी नातवंडं असतात.

आता खोलीचा मुद्दा. माइनक्राफ्ट खेळणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला विचारा, हिरे कुठे सापडतात. तो ठिकाण सांगणार नाही, पातळी सांगेल: उणे ५९ च्या आसपास खण. २०२१ च्या अखेरीस आलेल्या सुधारणेनंतर हे गणित बसलं. आमच्याकडे विहीर खणणाऱ्या माणसाची भाषा ऐका. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. तोही ठिकाणापेक्षा थर सांगतो, आणि किती परस गेल्यावर काय लागेल याचा अंदाज देतो. लाव्ह्याचे थर एकावर एक पडलेले असल्यामुळे हे जमतं. प्रत्येक लोट थिजताना त्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, भोकं राहिली; आतला भाग घट्ट झाला. पाणी साठतं ते भोकाड, झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. घट्ट पाषाणात भेग नसेल तर थेंब नाही. म्हणून दोन शेजारी बोअर घेतात, एकाला पाणी लागतं, दुसऱ्याच्या तोंडावर नुसता धुरळा उडतो. हातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्यांचा आणि पायाळू माणसांचा धंदा त्या धुरळ्यावरच चालतो.

माझ्या मते खेळांना जमिनीकडून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट मात्र पाणलोटाची रेघ आहे. बालाघाटचे डोंगर जिल्ह्यातून जातात. एका अंगाला पडलेला पाऊस तेरणेला मिळतो, तेरणा मांजरेला, मांजरा गोदावरीला. दुसऱ्या अंगाचा पाऊस सीनेत किंवा बोरीत उतरतो, तिथून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत. एका माळावर पडलेले दोन थेंब आंध्रात जाऊन दोन वेगळ्या मुखांनी समुद्राला मिळतात. चालणाऱ्या माणसाला ही रेघ दिसत नाही, पाय मात्र ती ओळखतात: चढ संपतो, ओघळ उलटीकडे पळू लागते. खेळाच्या नकाशात बायोमची, म्हणजे वेगवेगळ्या हवामानाच्या मुलखांची, सीमा अशी असावी. बहुतेक खेळांत ती रंग बदलून दाखवतात, इकडे हिरवं, तिकडे पिवळं. उताराने दाखवली तर खेळाडू पाण्यामागे चालत स्वतःच शोधून काढेल.

जागा ठरल्या, तरी त्या किती दाट ठेवायच्या? ज्वारीचे मूठभर दाणे अंगणात फेकून पाहा. कुठे सातआठ एकत्र, कुठे हातभर रिकामं. खरी यादृच्छिकता अशीच झुबक्याझुबक्याने पडते, आणि खेळाडूला ती अन्यायासारखी वाटते. त्यावर उपाय म्हणून दोन ठिपक्यांमध्ये किमान अमुक अंतर हवंच अशी अट घालतात. रॉबर्ट ब्रिडसन या संगणकतज्ज्ञाने २००७ मध्ये हे झटपट करण्याची अगदी छोटी रीत प्रसिद्ध केली आणि खेळ बनवणाऱ्यांनी ती उचलून धरली. कोरड्या मुलखातली झुडपं ही अट न सांगता पाळतात. पाणी कमी, मुळं लांब पसरलेली. दुसऱ्याच्या मुळांत घुसलेलं रोप जगतच नाही. माळावर झुडपांमधलं अंतर पाहिलं की तिथल्या पावसाचा अंदाज बांधता येतो.

मग प्रश्न उरतो खेळाडूने एका जागी किती वेळ थांबावं याचा. बोरीच्या झुडपाखाली पहिली दहा बोरं पटापट मिळतात, पुढची पाच शोधावी लागतात, शेवटच्या दोनांसाठी काटे अंगावर घ्यावे लागतात. उठायचं कधी? एरिक चार्नोव या जीवशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये याचं गणित मांडलं. चरणाऱ्या प्राण्याने एखादी जागा तेव्हा सोडावी, जेव्हा तिथली मिळकत सगळ्या मुलखाच्या सरासरी मिळकतीइतकी खाली येते. याच गणितातून निघणारी गोष्ट आणखी भारी: पुढची जागा जितकी लांब, तितकं आहे तिथे जास्त वेळ थांबणं शहाणपणाचं. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या धनगराला ही समीकरणं कुणी शिकवली नाहीत, पण वाडा कधी हलवायचा हे तो बरोबर जाणतो. खेळात डिझाइनर अंतरं ताणून किंवा आवळून खेळाडूचा मुक्काम ठरवतो. तोडलेलं झाड लगेच परत उगवलं तर खेळाडू तिथेच तळ ठोकतो आणि उरलेला नकाशा न पाहताच कंटाळतो. धाराशिवच्या विहिरीला परत भरायला मृग लागावा लागतो. मे महिन्यात विहिरीवर बसून राहण्यात अर्थ नसतो, हे इथं लहान पोरालाही कळतं, म्हणून टँकरच्या वेळा सगळ्यांना पाठ असतात.

जोखमीचा भागही जमीन मोफत शिकवते. व्हॅलहाइममध्ये लोखंड हवं तर कुबट दलदलीत, बुडालेल्या थडग्यांत उतरावं लागतं. जिथं माल, तिथं भय. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात चक्क पट्टेरी वाघ कॅमेऱ्यात आला, यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर शेतंशिवारं ओलांडत. हे लहानसं जंगल म्हणजे आसपासच्या उघड्या मुलखातली सावली आणि पाणी. जे माणसाला आणि हरणाला तिथं ओढतं, त्यानेच वाघालाही ओढलं. कुठलाही डिझाइनर शिकाऱ्याला पाणवठ्यावरच ठेवतो. मात्र तो वाघ शेकडो किलोमीटर चालवत आणायची कुणाची छाती होणार नाही. खेळाडू म्हणेल, हे काही खरं वाटत नाही.

आता नावं. इथं माझा जीव खरा अडकतो.

मोबाइलवर बीजीएमआय हा लढाईचा खेळ खेळणारी आमची पोरं जोरजोरात ओरडतात: पोचिंकीला उतरू नको, मरशील! धाराशिवच्या बसस्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर खेळाच्या नकाशातल्या गावाचं हे रशियन नाव मराठी क्रियापदांसकट नांदतं आहे. रशियात पोचिंकी नावाची खरी गावं आहेत. जंगल तोडून नव्याने वसवलेल्या वस्तीला तिकडे पोचिनोक म्हणत, म्हणजे आपल्या वाडीच्या जवळची चीज. खेळात ते नाव टिकलं याचं कारण तोंड. तीन अक्षरी, ओरडायला सोपं, दुसऱ्या कुठल्या नावाशी घोटाळा न होणारं. जीव धोक्यात असताना मित्राला हाक मारून सांगता येत नाही ते नाव कागदावर कितीही देखणं असो, कामाचं नाही.

उलट सबनॉटिकात पाण्याखाली 'लाइमस्टोन आउटक्रॉप' नावाची ढेकळं मिळतात, म्हणजे चुनखडकच. फोडली की आतून निघतं टायटॅनियम नाहीतर तांबं! खेळ अप्रतिम आहे, समुद्र हाताने रचलेला आहे, तरी येरमाळ्याच्या कुणा आजीला हे दाखवलं तर ती कपाळाला हात लावेल. चुनखडी फोडून चुना निघाला पाहिजे की नाही?

आणि चुन्याची खरी कृती तर कुठल्याही खेळापेक्षा रंगतदार. खडे भट्टीत भाजायचे, साधारण ९०० अंशांच्या घरात. त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी घातलं की तो फसफसून उकळतो, हात भाजेल इतका. मग वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायचा. दगडी चाक गोल चरात फिरत राहतं आणि गुळगुळीत लगदा तयार होतो, तो भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. जमिनीत ज्याला हजारो वर्षं लागली, ते वर्तुळ गवंड्याने कितीतरी कमी काळात पुरं केलं. सिमेंट येण्याआधी इथले किल्ले, बारवा, वाडे याच लगद्यावर उभे राहिले. खडा, भट्टी, पाणी, घाणी, भिंत: क्राफ्टिंगचा असा पाच पायऱ्यांचा साखळीडाव मला अजून कुठल्या खेळात दिसलेला नाही.

पुन्हा नावांकडे येऊ. नळदुर्गला बोरी नदीवर बांध आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, किल्ल्यातच नदी अडवून बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात बांध भरला की दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आतल्या सज्जात उभं राहून बाहेरचं पाणी पाहता येतं. अभियंत्याच्या नकाशात ते झाले असते सांडवा क्रमांक १ आणि सांडवा क्रमांक २. लोकांनी नावं ठेवली नर आणि मादी. एकदा ऐकलं की कोण विसरेल? आणि दोन जागा आहेत, त्या जोडीने आहेत, एकमेकींपासून वेगळ्या आहेत, हे सगळं त्या दोन शब्दांत येऊन गेलं.

शेतांचंही तेच. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, पण घरात कुणी म्हणत नाही की आज गट नंबर अमुकमध्ये खुरपण आहे. म्हणतात, चिंचेच्या तुकड्यात जायचंय, लवणातलं रान पेरायचं राहिलंय, माळाच्या पट्टीत शेळ्या सोड. लवण म्हणजे सखल जागा, ओल धरणारी. बरड म्हणजे हलकी, खडकाळ. चोपण म्हणजे पाणी न मुरणारी, खारवट. नाव ऐकताच काय पेरायचं आणि किती आशा ठेवायची ते समजतं. जुन्या गावगाड्यात तर सगळ्या गावाची दोनच भागांत वाटणी होती: पांढरी आणि काळी. पिढ्यान्‌पिढ्या चुलींची राख, पडक्या भिंती आणि शेणमाती साचून गावठाणाची जमीन फिकी पडते, ती पांढरी. पिकाऊ रान ते काळी. मातीच्या रंगावरून माणूस राहतो कुठे आणि खातो कुठलं ते ठरलेलं. बायोमची याहून आटोपशीर नावं मी पाहिलेली नाहीत. पांढरीची मातीही वाया जात नसे. माळवदाच्या घरांवर छताला ती घालत, कारण ती पाणी थोपवते. म्हणजे जुनं गाव हीच नव्या गावाची खाण.

जिल्ह्यातल्या गावांची नावं नुसती वाचत गेलं तरी मन खेळू लागतं. उमरगा तालुक्यात मुरूम आहे, भूम तालुक्यात ईट आहे. रुईभर, आंबेजवळगा, सिंदफळ, जांब. नावामागची खरी गोष्ट अभ्यासक सांगतील. खेळाडू मात्र जे कानावर पडतं त्यावरच विश्वास ठेवून चालू लागतो, आणि सिंदफळ ऐकल्यावर शिंदीची झाडं शोधतो. एकाच नावाची दोन गावं आली की लोक काय करतात तेही पाहण्यासारखं. कळंबकडे पिंपळगाव डोळा आहे. नुसतं पिंपळगाव म्हटलं तर महाराष्ट्रात शंभर निघतील, म्हणून मागे शेपूट लावलं. बुद्रुक, खुर्द, कसबे ही त्याच घराण्यातली. खेळांत हेच काम एक, दोन, तीन आकडे टाकून उरकतात. 'जुनी खाण ३' वाचून कुणाला काय आठवणार?

नाव राहतं आणि माल संपतो, हेही इथं पावलोपावली दिसतं. वड नसलेली वडगावं आणि बाभळी तोडून ऊस लावलेली बाभळगावं महाराष्ट्रभर आहेत. डिझाइनर मंडळी याला चूक समजतात, नाव आणि जागा जुळलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह. मला वाटतं, प्रत्येक नकाशात अशी चार शिळी नावं मुद्दाम ठेवावीत. 'गोड्या पाण्याचा आड' असं नाव वाचून तहानलेला खेळाडू धावत जातो आणि आत दगडगोटे. त्या एका क्षणात त्याला कळतं की इथं आधी माणसं होती, पाणी होतं, मग काहीतरी झालं. संवादाची दहा पानं लिहून हे साधत नाही. धाराशिव शहराचं तर नावच दोनदा फिरलं. सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद झालं आणि २०२३ मध्ये अधिकृतपणे परत धाराशिव. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे, काळीभोर, बहुतेकदा जुळी देणारी, आणि बाजारात तिला दुसऱ्या नावाने विचारलं तर व्यापारी तोंडाकडे बघेल.

ही सगळी अक्कल किती जुनी आहे ते पाहायचं तर तेरला जावं. तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर, ही ओळख अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची वही लिहून ठेवली आहे, 'पेरिप्लस' नावाची. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कुठे वाळूत नाव रुतते, कुठले लोक दगाबाज. खेळाडू आजकाल आपसात जी टिपणं वाटतात त्यांचा हा थेट पूर्वज. त्यात तगर आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, मोठं गाव, तिथून साधं कापड, मलमल आणि कितीतरी माल गाड्यांवर लादून धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जातो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून जमवलेल्या वस्तूंचं आज तिथं संग्रहालय आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेतून निघालेली हस्तिदंती मूर्ती यांच्यातलं साम्य अभ्यासकांना फार दिवस खुणावत आलं आहे. हस्तिदंत धाराशिवच्या माळावर उगवत नाही. म्हणजे नकाशाबाहेरचा माल इथं येत होता, घडत होता आणि परत नकाशाबाहेर जात होता.

तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेचंही असंच. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि देवीच्या भक्ताच्या गळ्यात समुद्रातल्या जीवाचं कवच. या माळेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सोबत कुंथलगिरीच्या खव्यालाही. खवा बरोबर उलट्या दिशेचा. भूम-वाशीकडचा मुलूख डोंगराळ, शेती हलकी, जनावरं जास्त, मोठं शहर लांब. दूध दुपारपर्यंत नासणार. म्हणून भट्टीवर कढई चढते, दूध आटतं, आणि जे एक दिवस टिकलं नसतं ते पुण्या-हैदराबादचा प्रवास झेलतं. सर्व्हायव्हल खेळात अन्न सडण्याचा काटा असतो. डोन्ट स्टार्व्हमध्ये तर तो छातीत धडकी भरवतो. त्या काट्याला मराठी उत्तर खवा आहे. नकाशावर अशा जागेचं नाव काय ठेवाल? गावकऱ्यांनी ठेवलंच आहे: भट्टी. तिथं काय मिळतं हे वेगळं सांगावं लागत नाही, वास अर्ध्या किलोमीटरवरून सांगतो.

खेळांनी एक गोष्ट छान केली आहे, ती इथं नोंदवून ठेवतो. व्हॅलहाइमचा नकाशा सुरुवातीला धुक्याने झाकलेला असतो आणि त्यावर खेळाडूला स्वतःची खूण ठोकून हवं ते लिहिता येतं. डिझाइनरने मोठ्या मुलखांना नावं दिली, बारक्या जागा सोडून दिल्या. पाटलाने गाव वसवलं तरी बांधावरच्या चिंचेला नाव पोरंच ठेवतात, तसाच हा शहाणा व्यवहार. चार मित्र रात्रभर खेळून नकाशा भरतात आणि त्यावरच्या खुणा फक्त त्यांनाच कळतात: 'इथे सोन्या मेला', 'तांबं संपलं', 'रात्री नको'. उद्या कुणी धाराशिवचं पोर या मुलखाचा खेळ बनवायला बसलं, तर त्याने पाऊस, दगड आणि उतार तेवढे नेमके बसवावेत, तेरणा आणि बोरी आपापल्या दिशेने सोडाव्यात, चुनखडी मातीत हातभर खाली पेरावी, आणि नावाच्या चौकटी रिकाम्या ठेवून पहिल्या शंभर खेळाडूंना आत सोडावं.